ग्रामीण आरोग्यकार्यकर्तीची कामगिरी आणि तिचे मोजमाप : एक ऐतिहासिक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

‘कामगिरी’ हा शब्द आज मराठीत ‘बजावलेले कार्य’ या अर्थी सर्रास वापरला जातो. त्याच्या जुन्या वापरात मात्र ‘सोपवलेले काम’ हा अर्थ प्रधान आहे. एखादा मनुष्य ‘कामगिरीवर’ जातो, तेव्हा त्याला पाठवणारा कोणीतरी असतो आणि परत आल्यावर त्याने कोणापुढे हिशेब द्यावयाचा हेही ठरलेले असते. कामगिरी या कल्पनेतच सोपवणारा, करणारा आणि हिशेब घेणारा अशी तीन पदे अंतर्भूत आहेत. सैन्यात किंवा कचेरीत पहिले आणि तिसरे पद एकाच ठिकाणी असते. त्यामुळे तेथे मोजमापाचा प्रश्न सहसा गुंतागुंतीचा होत नाही.

गावातूनच निवडलेल्या, अल्पकाळ शिकवलेल्या आणि गावातच राहून प्राथमिक आरोग्यसेवा देणाऱ्या कार्यकर्त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याची निवड गावाने करावी, त्याचे शिक्षण वैद्यकीय व्यवस्थेने करावे, त्याचा मोबदला शासनाने द्यावा आणि त्याच्या कामाचे फळ मात्र घराघरांत दिसावे, अशी ही रचना आहे. अशा कार्यकर्त्याने काम चांगले केले की नाही, हे कोणी व कशावरून ठरवावे? भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, गेल्या सुमारे अर्धशतकात या प्रश्नाला जी उत्तरे दिली गेली, त्यांचा क्रम लावून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ही उत्तरे स्थूलमानाने तीन प्रकारची आहेत. पहिल्यात कामाचे फळ, म्हणजे प्रामुख्याने जन्म आणि मृत्यू, मोजले गेले. दुसऱ्यात लोकांचे मत मोजले गेले. तिसऱ्यात कार्यकर्तीच्या हातून घडलेल्या कृती मोजल्या गेल्या. यांपैकी कोणते माप स्वीकारले जाईल, हे बव्हंशी हिशेब घेणाऱ्याच्या स्थानावरून आणि कार्यकर्त्याला दिलेल्या नावावरून ठरत गेले, असे या इतिहासावरून दिसून येते.

२. पूर्वपीठिका

गावातील मृत्यूंची नोंद ठेवणे ही गोष्ट आरोग्यकार्यकर्त्याहून कितीतरी जुनी आहे. महाराष्ट्रात गाव नमुना क्रमांक १४ या नावाने ओळखली जाणारी जन्ममृत्यूंची नोंदवही कोतवालाच्या तोंडी माहितीवरून भरली जात असे. म्हणूनच तिला ‘कोतवाल बुक’ असेही म्हणत. ब्रिटिश अमदानीतील आरोग्यविषयक वार्षिक अहवाल अशाच नोंदींवर उभे होते. त्यांत मृत्यूचे कारण म्हणून देवी, पटकी किंवा प्लेग ही नावे बरीचशी स्पष्ट असत. परंतु फार मोठा हिस्सा ‘ताप’ या एकाच सदराखाली जाई. नोंद करणाऱ्याजवळ जेवढे शब्द, तेवढीच त्या नोंदीची पोच. त्याखेरीज कोतवाल हा महसुली नोकर होता. मृत्यू टाळणे हे त्याचे काम नसल्यामुळे मृत्यू लपवण्याचेही त्याला विशेष कारण नव्हते. नोंद करणारा आणि सेवा देणारा यांच्यातील हे अंतर पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरणार आहे.

हे अंतर मिटवण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग चीनमधील डिंगश्यान या परगण्यात १९३० नंतरच्या दशकात झाला. डॉ. छन झिछ्यान यांनी साक्षर शेतकऱ्यांमधून गावोगावचे आरोग्यकार्यकर्ते तयार केले. जन्ममृत्यूंची नोंद, देवीची लस टोचणे आणि मोजक्या औषधांच्या पेटीतून प्रथमोपचार ही त्यांची कामे होती. नोंद आणि सेवा ही दोन्ही कामे एकाच हाती आली ती येथे. छन यांचे गुरू जॉन ग्रँट हे पुढे कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यशास्त्र संस्थेचे संचालक झाले आणि त्यांच्या विचारांचा प्रभाव सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीवर पडला. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या या समितीच्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना विस्ताराने मांडली आहे. ग्राम आरोग्य समित्यांचीही शिफारस त्यात आहे. परंतु प्रशिक्षित ग्रामीण कार्यकर्ता हा त्या योजनेचा कणा नव्हता. १९५२ पासून समुदाय विकास कार्यक्रमाच्या अंगाने प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली, तेव्हा केंद्र हा शेवटचा टप्पा आणि गाव हे त्याचे कार्यक्षेत्र, अशीच मांडणी राहिली.

३. जामखेड : गावाच्या डोळ्यांदेखत मोजणी

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. प्रारंभी त्यांचा भर प्रशिक्षित परिचारिकांना गावात ठेवण्यावर होता. बाहेरून आलेली परिचारिका गावाच्या विश्वासास पात्र होण्यास अडचणी येत आहेत, असे आढळल्यावर त्यांनी गावानेच निवडलेल्या स्त्रियांना शिकवण्याचा मार्ग धरला. या स्त्रियांपैकी पुष्कळ निरक्षर होत्या आणि त्यांत दलित समाजातील स्त्रियाही होत्या. त्या ठरलेल्या दिवशी दर आठवड्याला जामखेडला एकत्र येत, गावातील हकिगत सांगत, नवा पाठ शिकत आणि परत जात.

मोजमापाच्या दृष्टीने या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, निरक्षर स्त्रीचा अहवाल हा प्रथम तोंडी असतो. तो कागदावर उतरण्यापूर्वी इतर गावांतील तिच्या मैत्रिणींसमोर सांगितला जातो. कोणाच्या गावात मूल दगावले, ते कशामुळे, त्याला जुलाब होत असताना साखर-मिठाचे पाणी दिले होते काय, न दिल्यास का नाही, असे प्रश्न तेथेच निघतात. गावात परत गेल्यावर शेतकरी मंडळ आणि महिला मंडळ यांच्यापुढेही तीच माहिती येते. म्हणजे जन्ममृत्यूंचा आकडा हा येथे कार्यकर्तीवर ठेवलेल्या देखरेखीचे साधन नव्हता. गावाने स्वतःच्या स्थितीचा घेतलेला तो अंदाज होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात जामखेडचा समावेश झाला आणि १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु बाहेरच्या जगाने या प्रयोगातून घेतला तो मुख्यतः मृत्युदरातील घट दाखवणारा आकडा. तो आकडा ज्या साप्ताहिक बैठकीतून निर्माण होत होता ती बैठक मात्र अनुकरणास कठीण ठरली.

४. १९७७ ची योजना : मतांची मोजणी

१९७५ साली श्रीवास्तव समितीने गावपातळीवर अंशकालिक कार्यकर्त्यांचा वर्ग निर्माण करण्याची शिफारस केली. आणीबाणीनंतर सत्तेवर आलेल्या जनता सरकारने ती वेगाने अमलात आणली. आरोग्यमंत्री राजनारायण यांच्या कारकिर्दीत २ ऑक्टोबर १९७७ रोजी योजनेचा आरंभ झाला. दर १,००० लोकसंख्येस एक कार्यकर्ता, तीन महिन्यांचे शिक्षण, त्या काळात दरमहा २०० रुपये विद्यावेतन, आणि नंतर दरमहा ५० रुपये मानधन व ५० रुपयांची औषधे, असे तिचे स्वरूप होते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९७८ मध्ये, आल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेच्या जाहीरनाम्यात सामुदायिक कार्यकर्त्यांचा उल्लेख केला. तेव्हा भारतात त्यांची भरती चालूच होती.

या कार्यकर्त्याची नावे लक्षात घेण्याजोगी आहेत. आरंभी इंग्रजीत त्याला ‘कम्युनिटी हेल्थ वर्कर’ म्हटले गेले आणि हिंदीत ‘जन स्वास्थ्य रक्षक’. १९८० मध्ये इंग्रजी नावातील ‘वर्कर’ जाऊन ‘व्हॉलंटियर’ आले. १९८१ मध्ये तेही जाऊन ‘हेल्थ गाइड’ झाले. चार वर्षांत कामगाराचा स्वयंसेवक आणि स्वयंसेवकाचा मार्गदर्शक झाला. मासिक रक्कम मात्र ५० रुपयेच राहिली. हे नामांतर निव्वळ हौसेचे नव्हते. ‘वर्कर’ म्हटले की वेतन, सेवाशर्ती आणि संघटना हे शब्द मागोमाग येतात, आणि कार्यकर्त्यांच्या संघटना तशा मागण्या करू लागल्या होत्या. ‘मानधन’ हा शब्दही येथे नेमका उपयोगी पडतो. वेतन हे कामाच्या प्रमाणात असावे अशी अपेक्षा असते; मानधन हे मानाचे द्योतक असल्यामुळे त्याच्या पुरेपणाविषयी प्रश्न विचारणे अप्रशस्त ठरते.

ज्याला वेतन नाही त्याच्या कामाचा हिशेब शासन कोणत्या अधिकाराने मागणार, ही अडचण मूल्यमापनातही दिसते. राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्थेने इतर संस्थांच्या साहाय्याने १९७८ पासून या योजनेची मूल्यमापने केली. योजना सुरू होऊन थोडाच काळ झालेला असल्यामुळे रोग किंवा मृत्यू यांवरील परिणाम मोजणे शक्यच नव्हते. साहजिकच पाहण्यांचा भर शिक्षण कितपत झाले, औषधे मिळतात काय, गावकऱ्यांना कार्यकर्ता माहीत आहे काय आणि ते समाधानी आहेत काय, या प्रश्नांवर राहिला. कार्यकर्ते बहुसंख्येने पुरुष आहेत, औषधांचा पुरवठा अनियमित आहे आणि प्रतिबंधापेक्षा किरकोळ उपचारांकडे ओढा अधिक आहे, असे निष्कर्ष निघाले. ऋषिकेश मारू यांनी १९८३ साली ‘सोशल सायन्स अँड मेडिसिन’ या नियतकालिकात या योजनेची मीमांसा केली. तीमध्ये योजना राबवण्याच्या घाईकडे आणि संघटनात्मक उणिवांकडे त्यांनी लक्ष वेधले.

मताची मोजणी निरर्थक असते असे नाही. गावकरी समाधानी असणे ही आवश्यक गोष्ट आहे. परंतु गोळ्या देणारा मनुष्य दारात आला म्हणजे लोक समाधानी होतात. बाळंतिणीच्या घरी जाऊन स्वच्छतेविषयी चार अप्रिय गोष्टी सांगणारी बाई आली म्हणजे तसे होतीलच असे नाही. मताच्या मापाने पहिला कार्यकर्ता सरस ठरतो. अशा रीतीने जे माप सर्वांत लोकाभिमुख वाटते, तेच कामाला किरकोळ उपचारांकडे झुकवते. लाखांच्या घरात संख्या असलेला हा वर्ग पुढे हळूहळू विस्मृतीत गेला आणि २००२ साली केंद्राने योजनेचे अर्थसाह्य थांबवले. या कार्यकर्त्यांमुळे किती मृत्यू टळले, याचे उत्तर देणारी नोंद मागे राहिली नाही.

५. गडचिरोली : मोजणारा हात आणि सेवेचा हात

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेच्या कार्यास प्रारंभ केला. त्यांच्या प्रयोगांचे वेगळेपण मुख्यतः मोजणीच्या शिस्तीत आहे. बालकांच्या न्यूमोनियावरील त्यांचा प्रयोग १९९० साली ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झाला. या कामात गावच्या दायांनाही सामील केले होते. मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो, हे न्यूमोनिया ओळखण्याचे मुख्य लक्षण होय. परंतु अनेक दायांना पन्नासपर्यंत अंक मोजता येत नसत. तेव्हा मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी ओवलेल्या तारा असे एक साधे उपकरण तयार करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू संपण्यापूर्वी तांबड्या मण्याची पाळी आली तर श्वास जलद आहे असे समजावयाचे. विदर्भात ‘डब्बा’ या नावाने ओळखला जाणारा आजार आणि पुस्तकातील न्यूमोनिया यांच्यामधील अंतर त्या मण्यांनी कमी केले. जिला अंक येत नाहीत तिलाही मोजता येते. फक्त मोजण्याची भाषा तिच्या बोटांना कळेल अशी हवी, एवढाच त्याचा अर्थ.

नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग याहून अधिक प्रसिद्ध आहे. ३९ गावांत प्रयोग आणि ४७ गावांत तुलना, अशी त्याची रचना होती. १९९३ ते १९९५ या काळात पूर्वस्थिती नोंदवली गेली आणि १९९५ ते १९९८ या तीन वर्षांत सेवा देण्यात आली. गावातीलच थोडे शिक्षण झालेल्या स्त्रिया या प्रयोगात आरोग्यदूत म्हणून काम करीत. बाळाचे रडणे क्षीण होणे, दूध ओढण्याचे कमी होणे, ते सुस्त पडणे, अंग तापणे किंवा गार पडणे, अशा साध्या लक्षणांवरून जंतुसंसर्ग ओळखावयाचा आणि आवश्यक तर घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यावयाचे, हा त्यातील सर्वांत वादग्रस्त भाग होता. १९९९ साली ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर दर हजार जन्मांमागे ६२ होता; तो तिसऱ्या वर्षी २५.५ झाला. त्याच वर्षी तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. जंतुसंसर्ग झालेल्या बालकांपैकी मरण पावणाऱ्यांचे प्रमाण उपचारापूर्वीच्या काळात १६.६ टक्के होते. उपचार सुरू झाल्यावर ते २.८ टक्क्यांवर आले.

या आकड्यांवर विश्वास का ठेवावयाचा, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. प्रयोगाच्या आणि तुलनेच्या अशा दोन्ही प्रकारच्या गावांत जन्ममृत्यूंची नोंद एकाच पद्धतीने होत असे आणि ठरावीक काळाने घरोघर पाहणी करून ती पडताळली जाई. म्हणजे मूल दगावल्याची बातमी केवळ आरोग्यदूताच्या वहीवर अवलंबून नव्हती. डिंगश्यानमध्ये एकत्र आलेले नोंदीचे आणि सेवेचे काम येथे पुन्हा काही अंशी वेगळे करण्यात आले. मृत्यू हा ३९ गावांच्या एकत्रित प्रयोगाच्या यशापयशाचा निकष होता. अमुक एका गावच्या अमुक एका बाईला दोषी ठरवण्याचा नव्हता.

याच्या उलट स्थिती शासकीय नोंदींत होती. महाराष्ट्रातील अनेक स्वयंसेवी संस्थांच्या गटाने आपापल्या क्षेत्रांत १९९८ ते २००० या काळात जन्म व बालमृत्यू स्वतंत्रपणे मोजले आणि ‘कोवळी पानगळ’ या शीर्षकाने अहवाल सादर केला. प्रत्यक्षात होणाऱ्या बालमृत्यूंपैकी फार मोठा भाग शासनाच्या नोंदींत येतच नाही, असे त्यात दिसून आले. पुढे राज्य शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. नोंदी का गळतात याचे उत्तर एकट्या आळसात शोधता येणार नाही. ज्या कर्मचाऱ्याच्या क्षेत्रात मृत्यू अधिक त्याला बैठकीत जाब विचारला जातो आणि ज्याच्या क्षेत्रात कमी त्याची प्रशंसा होते, अशी रीत असली म्हणजे पहिल्या दिवशी गेलेले मूल ‘उपजत मृत’ म्हणून लिहिणे किंवा मुळीच न लिहिणे सोयीचे ठरते. कोतवालाला नसलेले कारण आरोग्यकर्मचाऱ्याला प्राप्त झाले होते.

६. आशा : कृतींची मोजणी

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा प्रारंभ झाला आणि त्यातून ‘आशा’ ही कार्यकर्ती पुढे आली. हे नाव ‘अ‍ॅक्रेडिटेड सोशल हेल्थ अ‍ॅक्टिव्हिस्ट’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून बनले आहे. इंग्रजीत ती ‘अ‍ॅक्टिव्हिस्ट’, म्हणजे चळवळीतील कार्यकर्ती, आहे. महाराष्ट्राच्या शासकीय मराठीत मात्र ती ‘आशा स्वयंसेविका’ झाली. चळवळीतील कार्यकर्ती शासनाकडे गावाचे गाऱ्हाणे नेते. स्वयंसेविका नेमून दिलेले काम विनातक्रार करते. एका शब्दाच्या भाषांतरात हिशेबाची दिशा उलटली.

आशेला ठरावीक वेतन न देता कामागणिक मोबदला द्यावा, असे ठरले. १९७७ च्या योजनेतील मासिक मानधनाने शिथिलता येते, तर कामागणिक रक्कम दिल्याने काम होईल, असा यामागील तर्क होता. त्याच वर्षी सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेत गरोदर स्त्रीला रुग्णालयात प्रसूतीसाठी नेण्याबद्दल आशेला रक्कम मिळू लागली. या मापाला यश आले हे मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होते. ते २०१५-१६ मध्ये ७८.९ टक्के झाले. हा बदल एकट्या आशेमुळे झाला असे नाही. परंतु तिच्या चालण्याशिवाय तो इतक्या लवकर झालाही नसता. मात्र प्रसूती रुग्णालयात होणे ही कृती आहे. तिच्यामुळे मातामृत्यू नेमके किती घटले, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कारण ते रुग्णालयात पोहोचल्यानंतर काय घडते यावर अवलंबून आहे, आणि ते आशेच्या हाती नाही.

पुढे आशांच्या कार्यशीलतेचे राष्ट्रीय स्तरावर मापन सुरू झाले. नवजात बालकास पहिल्या दिवशी भेट, पुढील गृहभेटी, लसीकरण सत्रास साहाय्य, प्रसूतीस सोबत, बालकांच्या आजारांत मदत, पोषणाचा सल्ला, तापाच्या रुग्णांचा शोध, क्षयरोग्यास औषध देणे, ग्राम आरोग्य समितीची बैठक आणि कुटुंबनियोजनासाठी पाठवणी, अशी दहा कामे ठरवण्यात आली. त्यांपैकी किमान सहा करणारी ती ‘कार्यशील’ आशा. गटप्रवर्तक ही माहिती मासिक बैठकीत आशांकडूनच गोळा करते आणि तिची बेरीज तालुका व जिल्हा यांची श्रेणी ठरवते. या योजनेत एक विवेक आहे. आशेला वैयक्तिक शिक्षा करण्यापेक्षा कोणत्या तालुक्यात तिला आधार कमी पडतो हे पाहणे, हा तिचा घोषित हेतू आहे. तथापि ‘केले’ आणि ‘केले नाही’ या दोनच रकान्यांत न मावणारे काम या यादीत कोठेही नाही. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेल्या स्त्रीशी तासभर बोलणे, रुग्णालयात दाखल न करून घेतलेल्या बाळंतिणीसाठी भांडणे, अफवेमुळे लस नाकारणाऱ्या घरी चौथ्यांदा जाणे, यांना सदर नाही. सदर नसल्यामुळे त्यांना दरही नाही.

कृतीचे आणि फळाचे माप एकमेकांत मिसळले म्हणजे काय होते, याचे उदाहरण नवजात बालकांच्या गृहभेटींच्या योजनेत सापडते. गडचिरोलीच्या प्रयोगावर आधारलेली ही योजना २०११ साली देशभर स्वीकारली गेली. रुग्णालयातील प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी आणि घरी प्रसूती झाल्यास सात भेटी द्यावयाच्या; त्याबद्दल आशेला २५० रुपये मिळावयाचे. मूळ मार्गदर्शक सूचनांत या रकमेस चार अटी होत्या. बाळाच्या वजनाची नोंद, आरंभीच्या लसी, जन्माची नोंदणी, आणि चौथी अट अशी की बेचाळीस दिवसांपर्यंत माता व बालक दोघेही सुखरूप असावेत.

या चौथ्या अटीची छाननी केली पाहिजे. २०११ साली नमुना नोंदणी पद्धतीनुसार भारताचा जन्मदर दर हजारी २१.८ आणि नवजात मृत्युदर दर हजार जन्मांमागे ३१ होता. म्हणजे १,००० वस्तीच्या गावात वर्षाला सुमारे २२ जन्म आणि सरासरीने एकाहूनही कमी नवजात मृत्यू. सर्व आशा सारख्याच कुशल आहेत असे क्षणभर गृहीत धरले, तरी संभाव्यतेच्या साध्या गणिताप्रमाणे त्यांपैकी निम्म्यांच्या गावात वर्षभरात एकही नवजात मृत्यू होणार नाही आणि सुमारे सातांपैकी एकीच्या गावात दोन किंवा अधिक होतील. हा फरक कौशल्याचा नसून योगायोगाचा आहे. ३९ गावांच्या तीन वर्षांच्या बेरजेत जो आकडा सत्य सांगतो, तोच एका गावाच्या एका वर्षात काहीही सांगत नाही. शिवाय अवघ्या दीड किलो वजनाचे बाळ ज्या घरी जन्मले तेथे आशेने अधिक फेऱ्या केल्या, रात्री जागून त्याला ऊब दिली, आणि तरीही विसाव्या दिवशी ते गेले, तर अटीच्या अक्षरार्थाने तिच्या पदरी काहीच पडत नाही. धडधाकट बाळाच्या घरी सहा वेळा डोकावणारी मात्र पूर्ण रकमेस पात्र ठरते. जेथे कामाची गरज सर्वांत अधिक तेथेच ते मोजमापातून गळून पडावे, ही या अटीची परिणती आहे. ज्या प्रयोगाने नोंद आणि सेवा यांत काळजीपूर्वक अंतर राखले होते, त्याचेच फळ घेताना ते अंतर विसरले गेले.

आशांनीही या मोजमापाला उत्तर दिले, ते संघटनेच्या मार्गाने. २०१३ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंचेचाळिसाव्या अधिवेशनाने योजनाकर्मींना कामगार मानावे अशी शिफारस केली. २०१८ साली केंद्राने नियमित कामांसाठीची मासिक रक्कम १,००० वरून २,००० रुपये केली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सामुदायिक आरोग्यकार्यकर्त्यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत कार्यकर्त्यांचा मोबदला केवळ किंवा प्रामुख्याने कामागणिक रकमेवर अवलंबून ठेवू नये, असे सुचवले आहे. कोविडच्या साथीत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ यांसारख्या मोहिमांतून आशा घरोघर फिरल्या, आणि मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील सुमारे दहा लाख आशांचा सामुदायिक गौरव केला. मान आणि धन यांतील पहिल्या पदाची अशी जागतिक पातळीवर पूर्तता झाली; दुसऱ्या पदासाठी महाराष्ट्रातील आशांना २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये संप करावा लागला.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. फळाची मोजणी ही अनेक गावांच्या आणि अनेक वर्षांच्या बेरजेतच अर्थपूर्ण ठरते. एकेका कार्यकर्तीवर ती लावली की अन्याय होतो आणि मृत्यू लपू लागतात. मताची मोजणी कार्यकर्त्याचे गावाशी असलेले नाते दाखवते, परंतु ते नाते गोळ्यांवर उभे आहे की विश्वासावर हे सांगू शकत नाही. कृतीची मोजणी काम वाढवते. पण यादीत असेल तेवढेच काम वाढवते. यांपैकी कोणतेही माप मुळात खोटे नाही. प्रत्येक माप ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून योजले होते तो प्रश्न सोडून दुसऱ्याच प्रश्नाला लावले गेले, तेव्हा ते खोटे ठरले.

या सर्व मापांत एक मात्र कोठेच पुरतेपणी अमलात आले नाही, आणि ते जामखेडच्या साप्ताहिक बैठकीत बीजरूपाने होते. तेथे कार्यकर्तीने आपल्या गावातील मृत्यू आपल्या शब्दांत सांगितला, तिच्याच बरोबरीच्या स्त्रियांनी त्याची चिकित्सा केली आणि त्या चिकित्सेतून पुढील आठवड्याचे काम ठरले. मृत्यू सांगितल्याने तिचे काही बुडत नव्हते, म्हणून ती तो सांगत होती. आरोग्यव्यवस्थेला खरा आकडा हवा असेल, तर तो सांगणाऱ्या बाईची भाकरी त्या आकड्यावर टांगलेली असता कामा नये. कामगिरी सोपवणारे गाव, ती बजावणारी स्त्री आणि हिशेब घेणारी व्यवस्था या तीन पदांचा परस्परसंबंध नीट ठरवल्याखेरीज मोजमापाची कोणतीही सुधारलेली पद्धत टिकाऊ ठरणार नाही, हेच या अर्धशतकाच्या इतिहासाचे तात्पर्य होय.